पोस्टफिक्सच्या रांगेत तुंबलेले बाउन्स

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची रांग (मेलक्यू) पाहिली तर बहुतेक नोंदींचा प्रेषक मेलर-डीमन, म्हणजे त्या 'मेल पोहोचली नाही' असं कळवणारे बाउन्स. मूळ दोष गेटवेवर, म्हणजे बाहेरची मेल घेऊन आतल्या सर्व्हरला देणाऱ्या पोस्टफिक्सवर होता. रिले_रेसिपियंट_मॅप्स (खऱ्या पत्त्यांच्या यादीचं सेटिंग) रिकामं असलं की पोस्टफिक्स ज्याची मेल आत द्यायची त्या डोमेनचा कुठलाही पत्ता स्वीकारतो. आतला सर्व्हर ५५० हा नकाराचा कोड देऊन नाकारतो, बाउन्स पाठवणं गेटवेच्या गळ्यात पडतं, आणि स्पॅमचा प्रेषक खोटा असल्याने तो बाउन्स ५ दिवसांपर्यंत रांगेत अडकतो.

खऱ्या पत्त्यांची यादी फाइलीत भरली, प्रत्येकापुढे 'ओके'. पोस्टमॅप चालवून (त्याने फाइलीचा पोस्टफिक्सला वाचता येणारा तक्ता बनतो) ती फाइल त्या सेटिंगला जोडली, मग रीलोड. आता चुकीचा पत्ता दारातच नाकारला जातो. बाउन्स_क्यू_लाइफटाइम (बाउन्स रांगेत ठेवण्याची मुदत) १ दिवसावर आणला.

जुने बाउन्स पोस्टसुपर या रांग साफ करणाऱ्या कमांडने आयडी निवडून काढले. आयडीऐवजी 'ऑल' दिलंत तर चांगली मेलही पुसली जाते. रिकाम्या प्रेषकाची मेल मात्र सरसकट अडवू नका, खरे बाउन्स तसेच येतात.