पहिलं ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घेताय? आधी जुनी तिकिटं बघा

विमानतळावरच्या लाउंजच्या मोहाने कार्ड घेतलं जातं, आणि आपला प्रवास मात्र नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईपर्यंतचा!

1. वर्षभराची तिकिटं मोजा. रेल्वेची जास्त असतील तर रेल्वे तिकिटावर रिवॉर्ड पॉइंट देणारं कार्ड घ्या.
2. कार्डाच्या वार्षिक फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. 499 ची फी 589 ला पडते. एका पॉइंटचा एक रुपया मिळेलच असं नाही, बऱ्याच कार्डांवर 25 पैसेच मिळतात. हिशेब कागदावर मांडा, फी वसूल होत नसेल तर सरळ सोडून द्या.
3. कार्ड हातात आल्या दिवशीच ऑटो-पे, म्हणजे बिल आपोआप भरण्याची सोय लावा. तिथे ‘मिनिमम ड्यू’ (बिलाची किमान रक्कम) नको, ‘टोटल ड्यू’ (पूर्ण बिल) निवडा.

एटीएममधून या कार्डाने पैसे काढू नका. व्याज त्याच दिवसापासून लागतं, शिवाय फी वेगळी.