न्यूझीलंडमध्ये ओढ्याचं पाणी खराब दिसलं तर रीजनल कौन्सिलकडून काम कसं करून घ्यायचं

कौन्सिल म्हटलं की इथे आपल्या बऱ्याच लोकांना रेट्सचं (म्हणजे घरपट्टीचं) बिल आणि कचऱ्याचे डबे आठवतात, पण नद्या, ओढे, हवा, किनारा हे बघणारी कौन्सिल वेगळी असते, ती रीजनल कौन्सिल. अशा ११ आहेत. १९८९ मध्ये त्यांच्या हद्दी आखताना बहुतेक ठिकाणी नद्यांचं पाणलोट क्षेत्र धरलं आणि ते मला एकदम बरोबर वाटतं, कारण वर सोडलेली घाण खालच्यांच्याच वाट्याला येते. ऑकलंड, नेल्सन, टास्मान, मार्लबरो, गिझबर्न इथे मात्र दोन्ही कामं एकच कौन्सिल करते. शेजारच्या पार्टीचा आवाज असेल तर सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिल, पाण्यात काही सोडलंय तर रीजनल.

सगळ्याचा पाया म्हणजे १९९१ चा रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्ट (तो बदलायचं सरकारने हाती घेतलंय, म्हणून कौन्सिलच्या साइटवर ताजं काय आहे ते बघत जा). पाण्यात किंवा झिरपून पाण्यात जाईल असं जमिनीवर काही प्रदूषक सोडायचं असेल तर एकतर रीजनल प्लॅनमध्ये (म्हणजे त्या भागासाठीच्या कौन्सिलच्या नियमांत) किंवा राष्ट्रीय नियमांत त्याला मुभा हवी नाहीतर रिसोर्स कन्सेंट (म्हणजे कौन्सिलची अटींसह परवानगी) हवा. आणि कन्सेंट ३५ वर्षांपर्यंतचा असू शकतो, म्हणून त्यातल्या अटी नीट वाचा, सगळा खेळ तिथेच आहे. किती पाणी उचलायचं, काय किती सोडायचं, सॅम्पल कधी घ्यायचं, रिपोर्ट कधी द्यायचा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याचदा हे सॅम्पल कन्सेंटवालाच घेतो आणि कौन्सिलला पाठवतो, कौन्सिल अधूनमधून इन्स्पेक्शन करते आणि त्याचा खर्च सहसा त्याच्याकडूनच घेते.

कन्सेंट बऱ्याच कौन्सिलच्या ऑनलाइन मॅपवर सापडतो. नाही सापडला तर ईमेल करून ऑफिशियल इन्फॉर्मेशन मागा, कन्सेंटची कॉपी आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट दोन्ही. कारण सांगायची गरज नाही, माहिती देण्याबद्दलच्या १९८७ च्या कायद्याने २० कामाच्या दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं, विनाकारण टाळलं तर ओम्बड्समनकडे (अशा तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी) जाता येतं.

आता समजा फिरायला गेलात आणि ओढा दुधासारखा पांढरट दिसला किंवा दगडांवर राखाडी कापसासारखं काहीतरी वाढलंय (सांडपाणी किंवा गोठ्याची घाण येत असली की असं वाढतं). घरी जाऊन निवांत ईमेल करू नका, तिथूनच कौन्सिलच्या २४ तासांच्या पोल्युशन हॉटलाइनला फोन करा, कारण पाणी वाहून गेलं की पुरावाही गेला. फोटो दोन जागचे हवेत, पाइप किंवा नाला जिथे मिळतो त्याच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा, म्हणजे फरक कुठून सुरू होतो ते दिसतं. फेस, तेलाचा तवंग, रंग किंवा पारदर्शकता स्पष्ट बदललेली, घाणेरडा वास, हेच शब्द वापरा, रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्टच्या कलम १०७ मध्ये साधारण याच गोष्टी मोजल्यात. पाण्यात हात घालू नका, कोणाच्या खाजगी जमिनीत शिरू नका. शेवटी तक्रारीचा नंबर मागून घ्या, हे विसरलात तर पुढे विचारणार कशाच्या आधारावर?

त्यानंतर ऑफिसर सॅम्पल घेतो आणि प्रकरण किती गंभीर त्यावर समज, अबेटमेंट नोटीस (ते थांबवा किंवा दुरुस्त करा असा लेखी आदेश), दंड, एन्व्हायर्नमेंट कोर्टाची ऑर्डर किंवा थेट खटला यातलं काहीतरी होतं. काय ठरलं ते त्या नंबरवर विचारत राहा, गप्प बसू नका.

रोजच्या माहितीसाठी लावा ही साइट आहे, कौन्सिलांचा नदी, तलाव, हवेचा डेटा तिथे एकत्र मिळतो. गोड्या पाण्यात पोहायला १०० मिलीमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) २६० पर्यंत ठीक, पण जोरदार पाऊस झाला की दोन-तीन दिवस मुलांना नदीत सोडूच नका, जमिनीवरचं सगळं पाण्यात उतरलेलं असतं. हवेत पीएम १० चं (म्हणजे बारीक धूलिकणांचं) २४ तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आत हवं, हिवाळ्यात लाकडाच्या शेगड्यांमुळे काही गावांत ते ओलांडतं.

आणि कुठलाही कन्सेंट अर्ज पब्लिकली नोटिफाय झाला (म्हणजे लोकांसाठी जाहीर केला) की कोणीही सबमिशन (आपलं लेखी म्हणणं) देऊ शकतं, मुदत २० कामाच्या दिवसांची. नुसतं 'आमचा विरोध' लिहून भागत नाही, कुठली अट हवी, कुठली बदलायची ते लिहा, आणि सुनावणीत बोलायचं असेल तर तसं फॉर्ममध्येच सांगा.