हलकी चाके निवडताना: मोटारीच्या चालीत काय बदलते, काय बदलत नाही

मोटारीला नवी अलॉय चाके बसवू पाहणारा ग्राहक दुकानात शिरला की आधी इंच विचारतो, मग डिझाइन आणि मग किंमत. चाकाचे वजन किती, हे क्वचितच कोणी विचारतो, आणि विचारलेच तर बऱ्याच विक्रेत्यांना ते सांगता येत नाही. गाडीची चाल सुधारावी हा हेतू असेल, तर पहिला प्रश्न वजनाचाच हवा. पुढील विवेचनात उदाहरणासाठी मारुती स्विफ्टसारखी पुढच्या चाकांवर चालणारी लहान हॅचबॅक घेतली आहे. २०१८ साली आलेल्या पिढीत तिच्या खालच्या श्रेणींना १६५/८० आर१४ आणि वरच्या श्रेणींना १८५/६५ आर१५ मापाचे टायर मिळत असत. यातला पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि ‘आर’पुढचा म्हणजे रिमचा इंचांतला व्यास.

मोटारीचे वजन दोन भागांत वाटलेले असते. बॉडी, इंजिन, प्रवासी आणि सामान यांचा भार स्प्रिंगांवर तोललेला असतो, तर चाक, टायर, ब्रेकची डिस्क किंवा ड्रम, हब (ज्यावर चाक नटांनी आवळतात तो मधला भाग) आणि सस्पेन्शनच्या दांड्यांचा काही भाग स्प्रिंगांच्या खाली असतो. अशा हॅचबॅकच्या प्रत्येक कोपऱ्यात हे खालचे वजन ढोबळमानाने ३० ते ३५ किलो भरते आणि वरचे त्याच्या सहा-सात पट असते. रस्त्यात उंचवटा आला की चाक वर फेकले जाते, त्याला थांबवून पुन्हा रस्त्यावर दाबण्याचे काम स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांना करावे लागते, आणि चाक जितके जड तितका या कामाला वेळ अधिक लागतो. तेवढ्या वेळात टायरवरचा भार घटलेला असतो, आणि टायरची पकड त्या भारावरच अवलंबून असल्यामुळे वळणात गाडी त्या क्षणापुरती बाहेरच्या बाजूला सरकते. ताम्हिणी घाटात पावसाळ्यानंतर ठिगळे लावलेल्या एखाद्या वळणावर गाडीचे मागचे टोक बारीक उड्या मारत रेषा सोडू लागते, ते याच कारणाने. हलक्या चाकाचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे. गुळगुळीत काँक्रीटच्या एक्स्प्रेसवेवर तो जवळजवळ जाणवत नाही.

मात्र प्रमाण लक्षात ठेवावे. प्रत्येक चाकामागे दोन किलो वाचले, तर ३२ किलोच्या खालच्या वजनातले सहा टक्के कमी झाले. वाहनाची ओळख असलेल्या चालकाला हा फरक जाणवतो, परंतु तो गाडीचा स्वभाव बदलून टाकत नाही. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर गळत असतील किंवा सस्पेन्शनचे रबरी बुश फाटले असतील, तर पैसे आधी तिथे खर्च करावेत. थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर कितीही हलके चाक बसवले तरी ते उड्या मारणारच.

वेग घेण्याच्या बाबतीत तर अतिशयोक्तीला सीमा नाही. चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले आठ-दहा किलो, असे ठामपणे सांगितले जाते. यांत्रिकी तसे सांगत नाही. फिरणाऱ्या वस्तूला पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून तिचे वजन थोडे जास्त भासते हे खरे आहे. किती जास्त, हे ते वजन केंद्रापासून किती अंतरावर आहे यावर ठरते: ते अंतर भागिले टायरची त्रिज्या, आणि आलेल्या संख्येचा वर्ग. पंधरा इंची रिमची कड केंद्रापासून सुमारे १९० मिलिमीटरवर असते आणि टायरची त्रिज्या ३१० मिलिमीटर असते. यावरून रिमच्या कडेचा एक किलो वेग घेताना १.४ किलोसारखा वागतो, तर आऱ्यांमधला किलो त्याहूनही कमी. चार चाकांत मिळून आठ किलो वाचवले, तर डिकीतून जेमतेम अकरा किलोंचे सामान काढल्याइतका फायदा होतो. दोन माणसांसह १,०५० किलो भरणाऱ्या गाडीत हा एक टक्का आहे, म्हणजे शून्य ते शंभरचा वेग साडेबारा सेकंदांत गाठणारी गाडी एका सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा लवकर पोहोचेल. घड्याळ लावल्याशिवाय हे कळत नाही.

ब्रेकचेही तसेच. कोरड्या, सपाट रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते हे टायरच्या पकडीवर ठरते आणि एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्या मर्यादेपर्यंत ब्रेक आधीच पोहोचवत असतो, त्यामुळे हलक्या चाकांनी ते अंतर लक्षणीय घटत नाही. खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला अधिक चिकटून राहतो, एवढाच लाभ. इंधनाची बचत शहरातल्या थांबत-निघत चालण्यात किंचित होते, पण स्थिर वेगाने महामार्गावर जाताना शक्ती खर्च होते ती वाऱ्याचा आणि टायरचा विरोध मोडण्यात, आणि तिथे चाकाच्या वजनाला फारसे स्थान नाही. ॲव्हरेज वाढेल म्हणून हलकी चाके घेऊ नयेत.

एवढे समजल्यावर निवडीकडे वळता येते, आणि तिची सुरुवात वजनकाट्याने करावी. गाडीचे एक चाक काढून ते उचलून घरातल्या वजनकाट्यावर उभे राहावे, मग चाक खाली ठेवून पुन्हा वजन घ्यावे आणि वजाबाकी करावी. टायर उतरवलेला नुसता रिम मोजता आला तर अधिक चांगले. टायरच्या दुकानात टायर बदलताना ही संधी आयतीच मिळते. प्रवासी बॅगा तोलण्याचा लोंबता काटा सोबत नेला, तर दुकानातला नवा रिमही तिथल्या तिथे मोजता येतो. हा आकडा हातात असल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण ‘अलॉय म्हणजे हलके’ हा समज सरसकट खरा नाही. कंपनीकडून येणारी अनेक ओतीव अलॉय चाके त्याच मापाच्या पोलादी चाकांच्या जवळपास वजनाची असतात, आणि बाजारातली स्वस्त चाके कधी कधी त्याहून जड निघतात. कमी प्रतीच्या ओतकामात ताकद आणायची तर धातूच जास्त घालावा लागतो.

सर्वांत मोठा घोटाळा मापात होतो. चौदा इंची पोलादी चाके काढून सोळा किंवा सतरा इंची अलॉय बसवणारा ग्राहक बहुधा वजन वाढवूनच घरी जातो. रिम मोठा झाला की धातू वाढतो आणि तो केंद्रापासून दूरही जातो. शिवाय टायरची भिंत बुटकी होते. स्टिअरिंगला गाडी चटकन वळते ती या ताठ भिंतीमुळे, आणि श्रेय मात्र हलक्या चाकाला दिले जाते. हलकेपणा हवा असेल तर मूळ मापात राहावे किंवा फार तर एक इंच वाढवावा. बाहेरचा व्यास राखणे तर आवश्यकच आहे. १६५/८० आर१४ चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर१५ चा ६२१.५ आणि १९५/५५ आर१६ चा ६२१ मिलिमीटर भरतो; हे तिन्ही एकमेकांची जागा घेऊ शकतात, कारण स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित त्यामुळे बिघडत नाही. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत असावा.

टायरकडे दुर्लक्ष करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. टायरचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीदार पट्टा, अगदी बाहेरच्या परिघावर असतो, त्यामुळे तिथला एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो, आणि एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांत एक किलोचा फरक असणे ही नवलाची गोष्ट नाही. महाग रिम घेऊन त्यावर जड टायर चढवणे हा पैशांचा अपव्यय आहे. अर्थात हलकेपणासाठी पकड किंवा भिंतीची मजबुती सोडू नये, आणि टायरचा भारांक, म्हणजे तो किती भार पेलू शकतो हे सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये.

आता बनावटीविषयी. ॲल्युमिनियमची चाके नवी नाहीत. १९२४ साली लिआँ येथील ग्रां प्रीमध्ये उतरलेल्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. आज साधे अलॉय चाक वितळलेला धातू साच्यात ओतून तयार करतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे फ्लो फॉर्मिंगमध्ये, मधला भाग ओतीव ठेवून बाहेरचा पिंपासारखा भाग गरम अवस्थेत फिरवत रोलरने दाबून लांबवतात. त्यामुळे नेमका परिघाकडचा धातू पातळ होऊनही मजबूत राहतो. तिसरे फोर्ज्ड चाक, जे ॲल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाच्या प्रेसखाली घडवून बनवतात. ते सर्वांत हलके आणि चिवट असते, पण त्याची किंमत ओतीव चाकाच्या कित्येक पट असते. जपानच्या रेज कंपनीने १९९६ मध्ये आणलेले टीई३७ हे फोर्ज्ड चाक पंधरा इंची मापात अवघ्या ३.७ किलोंचे होते, आणि त्याच्या नावातला आकडा या वजनावरूनच आला. रोजच्या वापरातल्या हॅचबॅकला फ्लो फॉर्मिंगचे चाक पुरेसे आहे, असे माझे मत. ओतीव चाकाच्या भावात कोणी ‘फोर्ज्ड’ देऊ करत असेल, तर ते फोर्ज्ड नाही असे समजून पुढे जावे.

चाक गाडीला बसेल की नाही, हे चार मापांवर ठरते. नटांच्या वर्तुळाचे माप, म्हणजे पीसीडी, स्विफ्टला ४×१०० लागते, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार नट. मधल्या भोकाचे माप हबशी जुळले पाहिजे. स्विफ्टला ते ५४.१ मिलिमीटर आहे. नव्या चाकाचे भोक मोठे असेल तर मधली रिंग घालावी, नाहीतर चाक नेमके केंद्रात बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. तिसरे माप रुंदी आणि चौथे ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग रुंदीच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते, जे बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे ओतलेले असते. समजा, मूळ चाक ५.५ जे (‘जे’च्या आधीचा आकडा इंचांतली रुंदी), ईटी ४५ आहे आणि नवे ६.५ जे, ईटी ३८ आहे. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर, ऑफसेट सातने घटला, म्हणजे सगळे चाक सात मिलिमीटर बाहेर सरकले. परिणामी बाहेरची कड सुमारे २० मिलिमीटर बाहेर आली आणि आतली सुमारे ६ मिलिमीटर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या उभ्या जोडणीच्या, जवळ गेली. एवढे बाहेर आलेले चाक भरल्या गाडीत फेंडरला घासू शकते, बेअरिंगवरचा ताण वाढवते, आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटका देते. हलक्या चाकाने जे मिळवायचे ते चुकीच्या ऑफसेटने घालवता येते, म्हणून मूळ ऑफसेटच्या चार-पाच मिलिमीटरच्या आतच राहावे.

चाकाची भारक्षमताही पाहावी. एका ॲक्सलवर ८०० किलो भार मंजूर असेल, तर प्रत्येक चाक किमान ४०० किलोंचे हवे. भारतीय चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे, आणि जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही चिन्हे ओतलेली असतात. कुठलेच चिन्ह नसलेले हलके चाक हे हलके नसून कमकुवत असण्याचीच शक्यता जास्त. मूळ मापापासून दूर जाणार असाल तर विमा कंपनीला आधी कळवावे; फेंडरबाहेर आलेल्या टायरांवरून दाव्याच्या वेळी वाद होतात.

बसवण्याच्या दिवशी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावा. नटांच्या बैठकीचा आकार चाकाशी जुळतो का ते तपासावे. शंकूच्या आकाराच्या बैठकीत गोल बैठकीचा नट कधीही चालवू नये. हवेच्या गनने नट आवळू देऊ नयेत, कारण त्याने आटे जातात आणि डिस्कवर असमान ताण येतो. नट हाताने लावून, समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके टॉर्क रेंचने आवळावेत आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी उरकावे. स्टेपनी जुनीच पोलादी राहणार असेल, तर तिला नवे नट चालतात का हे त्याच दिवशी पाहावे, आणि चालत नसतील तर जुने नट डिकीत ठेवावेत.

फरक जाणून घ्यायचा असेल तर ओळखीचा एकच रस्ता, तोच वेग आणि थंड टायरमध्ये मोजलेली तीच हवा घेऊन आधी आणि नंतर चालवून पाहावे. एकामागोमाग रंबलर असलेला पट्टा सर्वांत चांगला: बॉडी कमी थरथरते का, आणि चाके एकेका पट्टीनंतर लवकर शांत होतात का, यावर लक्ष द्यावे. हवेत दोन-तीन पीएसआयचा फरक असला तरी तो चाकाच्या वजनातला फरक झाकून टाकतो.

शेवटची सूचना खड्ड्यांविषयी. जोरदार आदळले तर पोलादी रिम वाकतो आणि ठोकून सरळ होतो. ओतीव अलॉयला चीर जाते. फोर्ज्ड बहुधा वाकते. वाकलेले अलॉय तापवून सरळ करून देणारी दुकाने आहेत, पण त्या उष्णतेने धातूवर कारखान्यात केलेली ताकद वाढवण्याची प्रक्रिया वाया जाते, आणि वेल्डिंग केलेल्या चिरेवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. म्हणून जुनी पोलादी चाके मोडीत घालू नयेत. टायरसकट ठेवून जून ते सप्टेंबर तीच वापरावीत, आणि नवी चाके दसऱ्याच्या सुमारास पुन्हा चढवताना आतल्या बाजूची कड बोट फिरवून चिरेसाठी तपासावी.