डेनट्री नदीची एका दिवसाची सहल: तिकिटाआधी ओहोटी पाहावी

ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना काय दाखवावे, या प्रश्नाला ब्रिस्बेनच्या मराठी घरांमध्ये हमखास मिळणारे एक उत्तर म्हणजे केर्न्स आणि तिथून एका दिवसात होणारी डेनट्री नदीची सहल. क्वीन्सलंडच्या उत्तरेकडची ही नदी केर्न्सपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तिच्या भोवतीचे वर्षावन जगातल्या अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक मानले जाते आणि त्याचा समावेश असलेल्या ‘वेट ट्रॉपिक्स’ प्रदेशाला १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गेल्या बारा वर्षांत मी नऊ वेळा पाहुण्यांना घेऊन तिथे गेलो आहे. प्रत्येक खेपेला कोणीतरी टोपी, पाण्याची बाटली आणि डासांचे मलम यांची यादी पाठवते. ती यादी बरोबर आहे, पण ज्या एका गोष्टीवाचून ही सहल फुकट जाते, ती त्या यादीत कधीच नसते.

ती गोष्ट अशी की, होडी जिथे फिरते तिथपर्यंत डेनट्रीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. कोकणातल्या माणसाने तिच्या या भागाला नदी म्हटलेच नसते, सरळ खाडी म्हटले असते. काठाला कांदळवन, त्याखाली चिखल आणि दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे मातकट पाणी, हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. बहुतेक पाहुणे तिथे जातात ते खाऱ्या पाण्यातली मगर पाहायला, आणि ती दिसते की नाही हे त्या तासाला पाणी कुठे आहे यावर पुष्कळसे ठरते.

आधी महिना ठरवावा. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. तेव्हा तिथे हिवाळा असतो, पाणी गार असते आणि मगरीला अंग तापवण्यासाठी उन्हात यावेच लागते. डिसेंबर ते एप्रिल या पावसाळ्यात पाणीच कोमट असते, त्यामुळे ती तासन्‌तास पाण्याखाली राहू शकते. शिवाय त्या दिवसांत रस्त्यांचा भरवसा नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळाबरोबर आलेल्या पावसाने या नदीला मोठा पूर आला आणि पलीकडच्या रस्त्यावर दरडी कोसळल्या. शाळेच्या सुट्टीमुळे जानेवारीतच जाणे भाग असेल तर अरण्यासाठी जरूर जावे, हिरवेपणा तेव्हाच खरा असतो. मगरीची आशा मात्र बेताची ठेवावी.

आता ओहोटीकडे येतो. इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझे लहानपण रत्नागिरीजवळ गेले. तिथे भरतीची वेळ काढायला घड्याळाखेरीज काही लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास ओहोटी. पहिल्यांदा सासूसासऱ्यांना घेऊन गेलो तो ऑगस्ट महिना होता आणि त्या दिवशी संकष्टी होती. तिथी इतकी पक्की लक्षात राहण्याचे कारण म्हणजे सासूबाईंचा उपास, आणि सहलीच्या जेवणात त्यांना चालेल असा पदार्थ कापलेल्या कलिंगडाखेरीज एकही नव्हता. कालनिर्णय पाहून मी बोटांवर हिशेब केला, नदीत आत ओहोटी थोडी उशिरा पोहोचते हेही मोठ्या शहाणपणाने जमेला धरले आणि साडेदहाला नदीवर पोहोचणारी सहल ठरवली.

साडेदहाला पाणी कांदळाच्या मुळांवर चढलेले होते. चिखल नावालाही दिसत नव्हता. होडी चालवणारी बाई हात लांब करून सांगत होती की, या वळणावर एक मोठा नर नेहमी पडलेला असतो, त्या झाडाखाली मादी असते, आणि आम्ही सगळे तिच्या बोटाच्या दिशेने पाणी पाहत होतो. तासाभरात दोन बगळे आणि एक खंड्या दिसला. सासरे सांगलीचे. धक्क्यावर उतरताना ते एवढेच म्हणाले, “आमच्या कृष्णेत याहून जास्त मगरी दिसतात, आणि तिकीट नसतं.”

चूक माझी होती आणि ती दुहेरी होती. पाऊणपटीचा नियम कोकणच्या किनाऱ्यापुरता आहे. भरतीचे पाणी प्रत्येक किनाऱ्यावर तिथल्या समुद्राच्या आकाराप्रमाणे वेगळ्या वेळी पोहोचते, त्यामुळे रत्नागिरीचे गणित केर्न्सला काही तासांनी चुकते. दुसरे असे की, दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. हा फरक कोकणातही असतो, पण केर्न्सच्या किनाऱ्यावर तो फारच जाणवतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत तर दोनपैकी एक ओहोटी नुसती नावाला असते, पाणी जेमतेम हलते. म्हणजे ओहोटीची वेळ बरोबर काढली तरी चिखल उघडा पडेलच असे नाही.

तेव्हा तिथीवरून फक्त उधाण कधी ते ओळखावे आणि वेळ तक्त्यातूनच घ्यावी. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास उधाण असते, हे तिथेही खरे आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर केर्न्स आणि पोर्ट डग्लस या दोन्ही ठिकाणांचे भरती-ओहोटीचे तक्ते विनामूल्य मिळतात. डेनट्रीसाठी पोर्ट डग्लसचा तक्ता उघडावा, कारण ते नदीच्या मुखाला जवळचे आहे. तक्त्यात प्रत्येक दिवसाच्या वेळा आणि त्यांच्यापुढे पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. बहुतेक लोक वेळ पाहतात आणि उंचीचा आकडा सोडून देतात. आधी तो आकडाच पाहावा. दिवसाउजेडीची ओहोटी एक मीटरच्या खाली उतरत असेल असेच दिवस मी निवडतो, दीड मीटरची ओहोटी असेल तो दिवस सरळ सोडतो. हिवाळ्यात खोल ओहोटी सहसा दिवसा येते. हे आपल्या सोयीचेच आहे.

असे दिवस हाती आले की वेळ जुळवावी. तक्त्यातली वेळ किनाऱ्याची असते आणि होड्या नदीच्या मुखापासून बऱ्याच आत फिरतात, त्यामुळे तिथे पाणी उशिरापर्यंत उतरत राहते. तक्त्यातल्या वेळेनंतर अर्ध्या-पाऊण तासाने सुटणारी होडी मला नेहमी फळली आहे. याउलट ओहोटीच्या तीन तास आधीची होडी घेऊन ‘पाणी उतरतेच आहे’ असे स्वतःला समजावणाऱ्यांनी माझ्या सासऱ्यांचे वाक्य आठवावे. ‘मगर नशिबात असली तर दिसते’ असा सल्ला जो देतो, त्याने तक्ता उघडलेला नसतो. पुरेसा मोठा चिखल, पुरेसे ऊन आणि योग्य तास मिळाला की नशिबासाठी फारसे काम उरत नाही. सात खेपांना मी हे जुळवले आणि सातही वेळा मगर पाहिली. उरलेली एक खेप जानेवारीतली होती, त्या महिन्याविषयी वर लिहिलेच आहे.

यानंतर सहल निवडणे सोपे जाते. केर्न्सहून निघणाऱ्या सहलींचे दोन प्रकार आहेत. काही जाताना नदीवर थांबतात आणि होडी सकाळी असते, काही आधी पलीकडे केप ट्रिब्युलेशनपर्यंत जाऊन येतात आणि परतताना दुपारी नदीवर आणतात. आपल्या तारखेला ओहोटी कधी आहे त्यावरून यातला प्रकार ठरवावा. फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात: नदीवर नेमके किती वाजता पोहोचणार, प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ मिळणार आणि होडीत किती माणसे असणार. पहिल्या प्रश्नाला ‘साधारण दुपारी’ असे उत्तर आले तर दुसरीकडे चौकशी करावी. पाण्यावर तासाभरापेक्षा कमी वेळ असेल तर ती सहल नदीची नव्हे, बसची आहे. एका दिवसात सात थांबे देणाऱ्या स्वस्त सहलीचा मोह मराठी माणसाला फार होतो. सात ठिकाणी उतरून प्रसाधनगृह शोधण्यात दिवस जातो, एवढेच त्याबद्दल सांगतो. शाकाहाराची, आणि उपास असेल तर त्याचीही, सूचना तिकीट काढतानाच द्यावी.

वयस्कर माणसे बरोबर असतील तर एक इशारा. धक्का तरंगता असतो आणि पाण्याबरोबर खाली-वर होतो. आपण मुद्दाम खोल ओहोटी निवडलेली असल्यामुळे किनाऱ्यावरून धक्क्याकडे जाणारी फळी त्या तासाला जास्त उतरती मिळते. गुडघे दुखणाऱ्यांना घाई करू देऊ नये. कठड्याला धरून, सगळ्यांच्या शेवटी उतरावे. जागा कोणती मिळते याला महत्त्व नाही, होडी जाताना एक काठ दाखवते आणि येताना दुसरा.

सकाळी सातच्या सुमारास गाडी मुक्कामावर न्यायला येते. केर्न्स ते पोर्ट डग्लस हा समुद्राकाठचा रस्ता वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावे.

होडीत बसल्यावर पाण्याकडे पाहत राहू नये, चिखलाकडे पाहावे. नवख्याला मगर समोर असूनही दिसत नाही, कारण अंगावर चिखल वाळलेल्या ओंडक्याचा आणि तिचा रंग एकच असतो. मी आधी खूण शोधतो: पोटावर घसरत पाण्यात गेल्याने चिखलात गुळगुळीत चर पडतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पंजांचे ठसे असतात. चर ओला आणि चकचकीत असेल तर ती नुकतीच पाण्यात गेली आहे. चराच्या वरच्या टोकाला ओंडका असेल तर त्या ओंडक्याकडे नीट पाहावे. एकदा अशाच ओंडक्याने सावकाश जबडा उघडला आणि तो तसाच उघडा ठेवला. आतला पिवळट रंग आणि जिभेवर बसलेल्या दोन माशा आम्हाला दुर्बिणीशिवाय दिसल्या. जबडा उघडणे हा राग नसतो, तापलेले डोके निववण्याची ती रीत आहे. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे किंकाळ्या फुटत नाहीत.

या मगरीला आपल्याकडच्या मगरीच्या मापाने मोजू नये. कृष्णेत किंवा गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात दिसते ती गोड्या पाण्यातली मगर, ही तिच्याहून बरीच मोठी होते, आणि नर पाच मीटरहूनही जास्त वाढू शकतो. भारतात ही जात भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमानात आहे. क्वीन्सलंडमध्ये १९७४ पासून तिच्या शिकारीवर बंदी आहे. होडीबाहेर हात लोंबकळू द्यायचा नाही, आणि जमिनीवर असताना पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर दूर राहायचे. छायाचित्रासाठी काठावर उतरणाऱ्या नातेवाइकाला मी सर्वांसमक्ष ओरडलो आहे आणि पुन्हा ओरडेन.

मगर दिसल्यावर लोक सैल बसतात, तेव्हा पाण्यावर झुकलेल्या फांद्या पाहाव्यात. हिवाळ्यात तिथे अजगर वेटोळे करून ऊन खात असतो, आणि बेडूकतोंड्या नावाचा पक्षी मोडक्या फांदीसारखा डोळे मिटून बसतो. तो दाखवूनही निम्म्या लोकांना दिसत नाही.

पलीकडे जाण्यासाठी पोलादी दोरावर ओढली जाणारी फेरी आहे, गाडीसकट काही मिनिटांत नदी ओलांडली जाते. त्यापुढे भ्रमणध्वनीची आशा सोडावी. अरण्यात लाकडी पायवाटेवरून खाली उतरू नये. तिथे हृदयाच्या आकाराच्या, मऊ लव असलेल्या पानांची जिम्पी-जिम्पी नावाची वनस्पती असते. तिचा स्पर्श खाजकुइलीच्या कितीतरी पट भयंकर असतो आणि त्याची आग महिनोन्‌महिने पुन्हा उठू शकते. कॅसोवरी हा माणसाएवढा पक्षी वाटेत आला तर पाठ न फिरवता मागे सरावे, त्याला खायला देऊ नये. हा प्रदेश ईस्टर्न कुकू यलान्जी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा आहे आणि २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्यांना परत मिळाली. मार्गदर्शक त्यांच्यापैकी असेल तर झाडांची नावे आणि उपयोग त्यालाच विचारावेत, पाटीवरचे नंतर वाचता येते.

गाडी संध्याकाळी सहाच्या सुमारास केर्न्सला परतते. त्याच रात्रीच्या विमानाचे तिकीट काढू नये. समुद्राकाठचा तो रस्ता एखाद्या अपघाताने किंवा दरडीने बंद झाला तर डोंगरावरून मोठा वळसा घालून यावे लागते आणि घड्याळ पाहत बसण्यापलीकडे आपल्या हातात काही राहत नाही.