मोहरी लावून जमिनीतलं कॅडमियम काढायचंय? मग कापणी नीट समजून घ्या

नाल्याकाठची जमीन, वर्षानुवर्षं प्लेटिंगचं, म्हणजे धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी आलेलं, त्यातून कॅडमियम हा विषारी जड धातू मातीत साठलेला, आणि कोणीतरी सांगतं सूर्यफूल लावा, चेर्नोबिलला अणुभट्टीच्या अपघातानंतर लावलेलं. अहो, ती सूर्यफुलं तिथं तळ्यात तराफ्यांवर होती, पाण्यातलं किरणोत्सारी सिझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढायला. दुसरा सांगतो वाळा लावा. वाळा माती धरून ठेवायला झकास, बांधावर जरूर लावा, पण धातू बहुतेक त्याच्या मुळातच राहतो. कॅडमियमसाठी मोहरी बरी.

आधी टेस्ट. मृदा आरोग्य पत्रिकेत कॅडमियम नसतं, त्यामुळे लॅबला जड धातू असं स्पष्ट सांगा, एकूण किती आणि झाडाला मिळण्याजोगं किती असे दोन्ही आकडे मागा. नमुना १५ सेंमीपर्यंतचा घ्या, आणि एक नमुना नाल्यापासून लांबच्या चांगल्या रानातलाही द्या, कारण आपल्या बेसाल्टच्या काळ्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं, उगाच घाबरायला होतं.

पेरणी रब्बीत, दाट. नत्राला अमोनियम सल्फेट द्या. डीएपी, सुपर फॉस्फेट टाळा, स्फुरद खतात बऱ्याचदा थोडं कॅडमियम असतंच. शिसं काढायला ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळवणारं रसायन) ओता म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, ते शिसं मोकळं करतं खरं पण झाड पिईल त्याच्या आधी पाण्यासोबत खाली विहिरीकडे जातं.

आता कापणी, जिथं सगळं वाया जातं. झाड धातू संपवत नाही, मातीतून उचलून पानात नेऊन ठेवतं. ते पान रानातच गळलं की कॅडमियम होतं तिथं परत. म्हणून दाणे भरायची वाट बघू नका. फुलोरा भरात आला, खालची पानं पिवळी पडायच्या आत उपटायचं, विळ्याने कापायचं नाही, मुळासकट. आणि हे उपटणं वाफशावरच, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशी असतानाच जमतं, काळ्या रानात कोरडं असलं की मूळ तुटून आत राहतं, ओलं असलं की प्रत्येक झाडाला किलोभर चिखल, मग तुम्ही मातीच उचलून नेताय. मला याच कामानं सगळ्यात जास्त दमवलंय. आदल्या दिवशी पाणी देऊन चालत नाही, वाफसा यायला जेवढे दिवस लागतील तेवढे थांबायचं.

उपटलेलं ताडपत्रीवर पसरून वाळवा, छपराखाली, शेळ्यांपासून लांब. शेजारी पाल्याची भाजी मागतील, देऊ नका. वाळल्यावर पानांचा चुरा होतो आणि तो गोणपाटातून गळतो, म्हणून आतून प्लास्टिकची पिशवी असलेल्या गोण्याच घ्या. तोंडाला मास्क, हातात मोजे.

या गोण्या कंपोस्टमध्ये नाही, गोठ्यात नाही आणि चुलीत तर अजिबात नाही, जाळलं की कॅडमियम धुरात आणि राखेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायच्या सामायिक सुविधा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत. ही सोय पेरणीच्या आधी ठरवा, नाहीतर गोण्या तुमच्याच शेडमध्ये पडून राहणार.

किती निघतं? एका गुंठ्यात १५ सेंमी खोलीपर्यंत साधारण २० टन माती. किलोमागे १ मिलिग्रॅम कमी करायचं म्हणजे २० ग्रॅम कॅडमियम बाहेर काढायचं. वाळलेली मोहरी ५० किलो धरा, तिच्यात किलोमागे १० मिलिग्रॅम धरा, झालं अर्धा ग्रॅम. म्हणजे ४० पिकं! एका सीझनमध्ये जमीन साफ म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा. थोडंसंच जास्त असेल, घाई नसेल, तर करा. खूप जास्त असेल तर वरची माती काढायचाच विचार करा.

तोवर त्या रानात पालक, मेथी, चुका काही लावू नका, पालेभाजी कॅडमियम छान उचलते. परत टेस्ट कराल तेव्हा तीच लॅब, तीच खोली, तेच वाफे.