छोट्या बागेत फळझाड लावताना

रोपवाटिकेत सगळीच रोपं गोंडस दिसतात, म्हणून निवड तिथे करू नये; घरी, रिकाम्या जागेवर करावी. किमान 6 तास थेट ऊन कुठे पडतं ते बघा. तिथे काठी रोवून दोरीने दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. छाटून आटोक्यात ठेवलेल्या पेरूलाही साधारण एवढी जागा लागते. वर्तुळ भिंतीत घुसत असेल तर आत्ताच काठी सरकवा, झाड नंतर सरकत नाही.

पेरू, लिंबू, डाळिंब, अंजीर ही छाटणी सोसणारी झाडं. आंबा हवाच असेल तर बुटकी जात शोधा. फणस-जांभळाचा मोह आवरा. पपईत नर-मादी झाडं वेगळी असू शकतात, त्यामुळे एकच रोप लावणं म्हणजे निव्वळ जुगार.

शक्यतो कलमच घ्या. ते लवकर फळतं आणि फळ मूळ झाडासारखंच येतं. बियांचं रोप तशी हमी देत नाही. (पपई अर्थात बियांवरच.) उंच, फुलांनी लदलेलं कलम टाळून ठेंगणं, दणकट घ्या. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गोल गुंडाळली असतील तर परत ठेवा.

कलमाचा जोड, म्हणजे खालचं मुळाचं झाड (खुंट) आणि त्यावर बांधलेली फांदी जिथे जुळतात ती जागा, नीट ओळखून ठेवा. माझं लिंबू दोन वर्षं जोमाने वाढलं, काटे तर बोटभर, आणि फळं आली ती जाड सालीची, खडबडीत! जोडाखालून जंभेरीचा, म्हणजे ज्या जाड सालीच्या लिंबावर कलम बांधलं होतं त्याचा, खुंट फुटला होता आणि वरचं लिंबू कधीच वाळून गेलं होतं. मी त्या फुटव्यांना कौतुकाने पाणी घालत होतो. जोडाखाली काहीही उगवलं की कोवळं असतानाच मोडून टाका.

खड्डा 60 सेंटीमीटर लांब-रुंद-खोल खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल तर मुळं कुजणार. जागा बदला किंवा उंचवटा करून त्यावर लावा. उकरलेल्या मातीत थोडं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको. जोड जमिनीच्या चार बोटं वर राहू द्या, आधाराला काठी बांधा. आळं करून भरपूर पाणी द्या, पालापाचोळा पसरा. फक्त तो खोडाला टेकू देऊ नका. पुढचं पाणी बोटाने माती चाचपून, रोजच्या सवयीने नव्हे.

पहिल्या वर्षीची फुलं खुडायची. जिवावर येतं, पण आधी मुळं रुजू देत.

पेरूचा शेंडा गुडघ्याच्या थोडा वर खुडून चारी दिशांना तीन-चार फांद्या ठेवा, मधे ऊन शिरू द्या. पेरूला नव्या फुटीवर फळ येतं, त्यामुळे कात्री बिनधास्त चालवा. आंब्याचं तसं नाही: मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. छाटणी फळं उतरवल्याबरोबर करा, उशीर झाला तर पुढचा मोहोर हातचा गेलाच.