सोयाबीनच्या गाठींतला आरएनए: धुऱ्यापासून क्यूपीसीआरपर्यंत

मुळांच्या गाठींवर एमएस्सीचा प्रकल्प घेतलेल्यांचा आरएनए (जनुकांचे संदेश वाहणारा रेणू) बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, शेताच्या धुऱ्यावरच खराब होतो.

जूनअखेर पेरलेल्या सोयाबीनच्या गाठी फुलोऱ्यात, साधारण ४० ते ४५ दिवसांनी, ऐन कामात असतात. पोळ्यापर्यंत थांबलात तर शेंगा भरू लागतात, गाठी थकतात. एक गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर लेगहिमोग्लोबिन (चालू गाठीतलं लाल प्रथिन) आहे, नमुना घ्या. हिरवट-तपकिरी निघाली तर ते झाड सोडा. युरिया कधी आणि किती टाकला, हे शेतकऱ्याला विचाराच. नत्र मुबलक असलं की झाड गाठी कमी धरतं आणि दोष उगाच जिवाणू संवर्धकावर जातो.

झाड उपटू नका, काळ्या मातीत गाठी तुटून राहतात. वीतभर अंतर सोडून कुदळीने ढेकळासकट काढा, पाण्यात झटपट धुवा. बादलीत भिजत ठेवलं तर ऑक्सिजनअभावी जनुकांचं कामच बदलतं. चिमट्याने गाठी तोडून थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाका. गावात तो असतो पशुवैद्यकीय दवाखान्यात, रेतनाच्या कांड्यांसाठी. त्याच्या भरवशावर राहू नका, आपलाच कंटेनर न्या, आणि त्याचं झाकण हवाबंद करू नका. आरएनएलेटर (आरएनए टिकवणारं द्रावण) वापरत असाल तर गाठी अर्ध्या चिरून घ्या, अख्ख्या गाठीत ते नीट मुरत नाही. सगळे नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्या.

प्रयोगशाळेत गाठी दळून केलेल्या १०० मिलिग्रॅम भुकटीला १ मिलिलिटर ट्रायझॉल (आरएनए वेगळा काढणारं द्रावण). शुद्धता बघायला प्रकाशशोषणाचं २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर २ च्या आसपास हवं. २६०/२३० पडलं तर पॉलिसॅकराइड किंवा ग्वानिडिन (ट्रायझॉलमधलं रसायन) उरलंय, ७५ टक्के इथेनॉलने पुन्हा धुवा. डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) टाळू नका.

खरी गफलत पुढे होते. गाठीत दोन जीव आहेत: लेगहिमोग्लोबिनचं जनुक झाडाचं, नत्र स्थिर करण्याचं निफ-एच हे जनुक ब्रॅडीरायझोबियम या गाठीतल्या जिवाणूचं. सीडीएनएसाठी (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत, क्यूपीसीआरने हीच मोजतात) ऑलिगो-डीटी हा पॉली-ए शेपटीला चिकटणारा प्रायमर वापरला तर झाडाचे संदेश येतात. जिवाणूच्या एमआरएनएला तशी पॉली-ए शेपटी नसते, म्हणून निफ-एच जवळपास दिसतच नाही. निष्कर्ष निघतो ‘जनुक बंद आहे’, आणि गाठ तर आतून लालभडक! रँडम हेक्सामर (कुठल्याही आरएनएला चिकटणारे छोटे प्रायमर) घ्या. संदर्भ जनुकंही (ज्यांच्या तुलनेत मोजायचं ती) दोन घ्या. निफ-एचला झाडाच्या ॲक्टिनने भागलं तर जनुक वाढलं की नुसते जिवाणू वाढले, हे कळत नाही. तिथे जिवाणूचंच सिग-ए बरं. जिवाणूच्या रायबोसोमचा १६-एस आरएनए इतका मुबलक असतो की त्याचं सीटी (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो ते चक्र) फार लवकर येतं.

रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना (सीडीएनए बनवणाऱ्या एन्झाइमविना) एक नळी प्रत्येक नमुन्याला लावा. तिथे सीटी आलं तर तो डीएनए आहे. आणि क्यूपीसीआर प्लेटवर एकाच आरएनएच्या ३ विहिरी (खाचे) म्हणजे ३ पुनरावृत्त्या नव्हेत. त्यासाठी वेगवेगळी झाडं लागतात.